जुनी गाडी आणि इंधनाचा तोच तो बिघाड

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या गाड्यांच्या इंधनपुरवठ्याविषयी आहेत. गाड्या वेगळ्या आहेत, इंधनेही वेगळी आहेत, पण तक्रार एकाच जातीची आहे. भाग बदलला की गाडी काही दिवस नीट चालते आणि मग तोच बिघाड परत येतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील तपासणीचा क्रम बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांना लागू पडतो.

प्रश्न : माझ्याकडे पंचवीस वर्षांहून जुनी डिझेल जीप आहे. शेतीचा माल आणि माणसे मेढ्याहून साताऱ्याला, तसेच केळघर घाटाने महाबळेश्वरला नेण्यासाठी ती जवळजवळ रोज वापरात असते. गेल्या पावसाळ्यापासून घाटाच्या चढाला इंजिन ओढेनासे होते, धक्के खाते आणि शेवटी बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबून हँड प्राइमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारला की पुन्हा चालू होते. सपाटीला काही तक्रार नसते. सकाळी मात्र स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. आतापर्यंत फिल्टर अनेकदा बदलले, टाकीतले डिझेल ओढून पुढे देणारा फीड पंप दोनदा नवा घातला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही बदलले. आता इनलाइन पंप, म्हणजे नोझलना जास्त दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप, उतरवून डिझेल लॅबला (पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपला) द्यावा असे फिटर सांगतो आहे आणि तो खर्च मोठा आहे. शेतीच्या कामासाठी डिझेल घरी पत्र्याच्या ड्रममध्ये साठवतो आणि तेच जीपमध्येही घालतो. पंप उतरवावा का? (एक वाचक, मेढा, ता. जावळी, जि. सातारा)

उत्तर : पंप इतक्यात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या माहितीवरून दोष पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर असण्याची शक्यता अधिक दिसते. गाडी थोडा वेळ थांबली आणि हँड प्राइमर मारला की ती चालते, परंतु झिजलेला प्लंजर (मुख्य पंपातला डिझेल दाबणारा दांडा) विश्रांतीने बरा होत नाही. डिझेल गरम होऊन पातळ झाले की तो उलट गरम इंजिन चालू करतानाच अधिक त्रास देतो. तक्रार फक्त चढाला येते, म्हणजे इंजिनाला सर्वांत जास्त डिझेल हवे असते नेमके तेव्हाच ते अपुरे पडते. सकाळी वेळ लागतो, याचा अर्थ रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीत उतरत असावे. आणि प्रत्येक नवा भाग काही दिवसच साथ देतो, ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण आहे. फिल्टर पुन्हा पुन्हा चोक होत असेल तर तो आपले काम चोख करतो आहे. त्याच्यापर्यंत कचरा कोठून पोहोचतो हे शोधल्याशिवाय कितीही फिल्टर बदलले तरी उपयोग होणार नाही.

अशा गाडीत टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो, म्हणजे तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आणि फीड पंपाच्या पुढे फिल्टरमधून इनलाइन पंपापर्यंतचा भाग दाबाचा असतो. दाबाच्या भागातला सांधा सैल झाला तर डिझेल ठिबकते आणि ते डोळ्यांना दिसते. ओढीच्या भागातला सांधा सैल झाला तर बाहेर थेंबही येत नाही, कारण नळी त्या फटीतून हवा आत ओढून घेते. त्यामुळे ‘गाडी कोठेही गळत नाही’ हे फिटरचे निरीक्षण अचूक असूनही त्यावरून ओढीची बाजू निर्दोष ठरत नाही. दुसरीकडे, त्याच वाटेवर काही अडकले असेल तरीही इंजिन उपाशी राहते. हवा शिरणे आणि वाट अडणे या दोन्ही दोषांत गाडी चढाला सारखीच वागते, पण दोघांचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून यांपैकी आपल्या गाडीत कोणता दोष आहे हे आधी ठरवावे आणि मगच पान्याला हात घालावा.

सुरुवात पैसे न लागणाऱ्या तपासण्यांपासून करू. इंजिन बंद ठेवून एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगावे आणि पंपावरचा दांडा शेवटच्या टोकापर्यंत जातो का ते पाहावे. इंजिन बंद करण्याची केबल ओढून सोडल्यावर तिचा दांडाही पूर्ण मागे यायला हवा. ती केबल गंजून अर्धवट अडकली असेल तर पंप सतत थोडा बंद अवस्थेतच राहतो आणि गाडी चढाला दम सोडते. हे पाहायला दोन मिनिटे लागतात, तरी पुष्कळदा ते राहूनच जाते.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. डिझेल खर्च होते तशी तितकीच हवा टाकीत आत यावी लागते. झाकणातले किंवा टाकीत हवा घेणाऱ्या श्वासनळीतले छिद्र चिखलाने बुजले तर टाकीत निर्वात तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. पुढच्या वेळी गाडी घाटात बंद पडली की ती सुरक्षित जागी बाजूला घेऊन, चाकांना दगड लावून, वाट न पाहता लगेच झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी तेव्हाच चालू झाली तर दोष सापडला. आवाज आला नाही आणि नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटे थांबावेच लागले, तर टाकीतल्या जाळीवर कचरा चिकटतो आणि ओढ थांबली की तो सुटून खाली बसतो, अशी शंका धरावी. रबरी नळीबाबतही असेच होते. नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण तिचे आतले अस्तर सुटलेले असते. जोराच्या ओढीने ते पडद्यासारखे आडवे येते आणि ओढ थांबली की मागे सरकते.

यानंतरची तपासणी मी सर्वांत निर्णायक मानतो. टाकी आणि तिची नळी बाजूला ठेवून गाडी वेगळ्या कॅनमधल्या स्वच्छ डिझेलवर चालवून पाहावी. फीड पंपाच्या तोंडाला नवी, डिझेलला टिकणारी नळी जोडून तिचे दुसरे टोक कॅनमध्ये बुडवावे आणि जादा डिझेल टाकीकडे नेणारी परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवू नये, कारण तसे केल्यास डिझेल आपल्या वजनानेच पंपाकडे येते आणि फीड पंपाचा अशक्तपणा किंवा सैल सांधा झाकला जातो. कॅन घट्ट बांधलेला असावा आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूर असावा. डिझेल सहज पेटत नाही असा समज आहे, परंतु भारतीय मानकात ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याची किमान मर्यादा फक्त ३५ अंश सेल्सियस आहे आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त उष्णता असते. अशा जोडणीवर तोच चढ, तेवढेच वजन घेऊन चढून पाहावा. गाडी न अडखळता चढली तर पंप, नोझल आणि फिल्टर यांना आपण निर्दोष मानू शकता आणि दोष टाकी व तिच्या नळीत आहे हे निश्चित होते. अडखळलीच, तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी गाडी संशयातून मोकळी होते, आणि म्हणूनच पंप उतरवण्यापूर्वी ती झालीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

हवेचा शोध घेण्यासाठी फीड पंपाच्या अलीकडे आणि परतीच्या नळीत वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसवावा. हवा काढल्यानंतर इंजिन चालू ठेवले असता त्या तुकड्यात बुडबुड्यांची सलग रेघ दिसू लागली तर हवा कोठून तरी आत शिरते आहे. मग टाकीकडून एकेक सांधा तपासत पुढे यावे. नळ्यांच्या क्लिपा, हँड प्राइमरचे स्वतःचे सील, फीड पंपाच्या वाटीची रबरी कडी आणि बँजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर या नेहमीच्या जागा आहेत. तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात. तेच पुन्हा घातले तर बोल्ट कितीही आवळला तरी सांधा पूर्ण बंद होत नाही. नवे वायसर घालणे उत्तम. ते मिळत नसतील तर जुने लालबुंद होईपर्यंत भाजून गार करावेत आणि वरची काजळी पुसून घ्यावी; तांबे त्याने पुन्हा मऊ होते. ओढीच्या नळीची दोन्ही टोके बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब दिला आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले, तर फट नेमकी कोठे आहे ते बुडबुड्यांवरून कळते. यासाठी कॉम्प्रेसर लावू नये. त्याच्या दाबाने चांगले सीलही फाटते.

टाकीत डिझेल किती असताना बिघाड येतो याची आठवडाभर नोंद ठेवावी. टाकी भरलेली असताना गाडी घाट चढते आणि अर्ध्याखाली आली की अडखळते असे दिसले, तर टाकीच्या आतल्या ओढनळीला वरच्या बाजूस चीर किंवा गंजाचे भोक पडलेले असण्याची शक्यता असते. डिझेलची पातळी त्या भोकाखाली गेली की नळी डिझेलबरोबर हवाही ओढते. टाकी न उतरवता हा दोष दिसत नाही. सकाळच्या तक्रारीसाठी याहून सोपी परीक्षा आहे. एका रात्री गाडी तोंड चढाकडे करून लावावी, दुसऱ्या रात्री उताराकडे करून. चढाकडे तोंड असताना सकाळी त्रास होतो आणि उताराकडे असताना होत नाही, असे आढळले तर डिझेल मागे उतरते हे नक्की झाले. त्याचे कारण सैल सांधा असते किंवा फीड पंपातली झडप नीट बसत नसते. दोन्ही रात्री सारखाच त्रास झाला तर हीटर प्लग (थंड इंजिन चालू होण्यासाठी तापणारे प्लग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) यांच्याकडे वळावे.

जुन्या गाडीत रबराचा प्रश्न अलीकडे वाढला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० पर्यंत आणले गेले. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० आणि बीएस-३ मध्ये ३५० होते. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे इतर घटकही बदलतात, आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली जुनी सील नव्या डिझेलमध्ये आकसतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबराकडून आज अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. फीड पंप नवा असला तरी हँड प्राइमर आणि नळ्या जुन्याच असतील, तर त्या सर्व एकदम बदलाव्यात.

आता आपल्या ड्रमविषयी. पत्राच्या शेवटी आपण त्याचा ओझरता उल्लेख केला आहे, पण मला मूळ तेथेच दिसते. जावळीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात ड्रम उभा ठेवला की त्याच्या काठाच्या आत पावसाचे पाणी साचते. दिवसा ड्रम तापतो तेव्हा आतली हवा बाहेर पडते आणि रात्री गार झाल्यावर बुचाच्या आट्यांमधून तेच पाणी आत ओढले जाते. याशिवाय अर्धवट रिकाम्या ड्रममध्ये आणि टाकीत दमट हवेतले पाणी पत्र्यावर धरून खाली उतरते. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते, पत्रा गंजवते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्मजीव वाढून काळपट बुळबुळीत थर तयार होतो. ड्रमला जस्ताचा मुलामा असेल तर आणखी एक संकट असते. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो आणि तो फिल्टर व नोझल दोन्ही चोक करतो. म्हणून जस्ताचा पत्रा डिझेलसाठी वापरू नये.

याचा पुरावा आपल्या हातातच आहे. काढलेला जुना फिल्टर फेकून देण्याऐवजी करवतीने उघडावा आणि कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसराव्यात. तांबूस भुकटी दिसली तर गंज, काळा बुळबुळीत आणि आंबूस वासाचा थर दिसला तर सूक्ष्मजीव, कागद फुगून लिबलिबीत झाला असेल तर पाणी. चमकणारे बारीक धातुकण मात्र फीड पंपातली झीज दाखवतात. त्याचबरोबर टाकीच्या तळाच्या बुचातून आणि ड्रमच्या तळातून थोडे थोडे डिझेल काचेच्या बाटल्यांत काढून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी तळाशी काय साचले ते दिसेल. दोन्ही बाटल्यांत सारखाच गाळ निघाला तर वेगळी चौकशी करण्याची गरज नाही.

तसे निघाले तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर हे काम करतात. जाळी आणि ओढनळी तेव्हाच तपासून घ्यावी, आणि टाकीपासूनची सगळी रबरी नळी नवी घालावी. येथे एक इशारा अतिशय गंभीरपणे देतो. रिकामी दिसणाऱ्या टाकीत इंधनाची वाफ भरलेली असते. तिला वेल्डिंगची ज्योत लावली की स्फोट होतो आणि त्यात माणसे दगावतात. भोक बुजवायचे असेल तर टाकी पूर्ण धुऊन वाफमुक्त करण्याची रीत जाणणाऱ्याकडेच द्यावी. नाहीतर दुसरी टाकी घालावी. आतून लेप देण्याचा उपाय मी सहसा सुचवत नाही, कारण गंज पूर्ण निघाला नसेल तर लेपाच्या खपल्या सुटतात आणि तो नवा कचरा जुन्यापेक्षा वाईट ठरतो. पुढे ड्रम छपराखाली आडवा, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असा ठेवावा, तळाचे चार बोटे डिझेल कधीच वापरू नये, आणि जीपची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी.

हे सर्व करूनही वेगळ्या कॅनवर गाडी अडखळत राहिली, पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही, फिल्टर नवा आहे, तरच पंप डिझेल लॅबला द्यावा. इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर मात्र थांबू नये, कारण पंपाच्या किंवा फीड पंपाच्या आतून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे आणि तसे पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. लॅबमध्ये पंप उघडण्यापूर्वीच तो यंत्रावर लावून प्रत्येक सिलिंडरचा पुरवठा आपल्यादेखत मोजून घ्यावा आणि बदललेले प्लंजर परत मागावेत. पाण्याने खराब झालेल्या प्लंजरवर गंजाचे ठिपके साध्या डोळ्यांना दिसतात. टाकी साफ होण्यापूर्वी नवा किंवा दुरुस्त केलेला पंप गाडीवर चढवू नये. तसे केल्यास तेच पाणी नव्या प्लंजरमध्ये जाईल आणि हजारो रुपये एका पावसाळ्यात वाया जातील.

जाता जाता आणखी एक. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीला हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ ते १३ टक्के विरळ असते. टर्बो नसलेले इंजिन तेथे थोडे कमी ओढणार आणि थोडा काळा धूर सोडणार, हे स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी पंपाचे सेटिंग बदलू देऊ नये.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला राहतो. वडिलांची कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली जुनी पेट्रोल गाडी आठवणीखातर ठेवली आहे आणि आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर काढतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती पाण्यात होती. तेव्हा दुरुस्त करून घेतली, परंतु त्यानंतर कार्ब्युरेटर सतत साफ करावा लागतो. उन्हाळ्यात मिरजेपर्यंत जाऊन रहदारीत अडकले की गाडी बंद पडते आणि गार झाल्यावरच चालू होते. मेकॅनिक विजेवरचा पंप लावायला सांगतो. लावावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या गाडीत दोन स्वतंत्र दोष आहेत आणि ते एकत्र धरल्यामुळे कोणताच सुटत नाही.

कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्याचे मूळ टाकीत आहे. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. इतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत श्वासनळीतून पाणी आणि नदीची बारीक माती दोन्ही शिरतात. माती नुसते पेट्रोल काढून जात नाही. टाकी उतरवून धुतली होती का, याची चौकशी करावी. धुतली नसेल तर ते काम आधी. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. ते जुन्या टाकीतला चिकट थर विरघळवून पुढे नेते, जुन्या रबरी नळ्या व पडदे मऊ करते, आणि हवेतले पाणी शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळे बसतात, म्हणजे नेमके ओढनळीच्या तोंडाशी. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीत याला भरपूर वेळ मिळतो. म्हणून टाकी धुतल्यावर इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे रबरी भाग एकदम बदलावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

मायलेज घटल्याची तक्रारही पुढे येईल, म्हणून सांगून ठेवतो. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट होईल असा अंदाज दिलेला आहे. एवढी घट हा बिघाड समजू नये.

रहदारीत बंद पडण्याचा दोष वेगळा आहे. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली तर पंप ती पुढे ढकलू शकत नाही. मात्र गरम झाल्यावर ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइलही अशीच दगा देते, म्हणून दोष पेट्रोलचाच आहे हे आधी सिद्ध करावे. गाडी बंद पडताच इंजिन न फिरवता एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरपासून चेहरा दूर ठेवून ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढावा आणि आत पेट्रोलची धार उडते का ते बाजूने पाहावे. धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे आणि ठिणगी तपासायला हवी. धार आली नाही तर पंपावर ओला फडका ठेवावा. त्याने गाडी लवकर चालू झाली तर वाफेचा दोष नक्की झाला.

त्यावर विजेचा पंप हा पहिला उपाय नाही. पंप आणि इंजिन यांच्यामधला जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या नळीला चिकटून तर गेलेली नाही ना, आणि विशेषतः कार्ब्युरेटरकडून टाकीकडे जाणारी परतीची नळी कोणी बुच मारून बंद केलेली नाही ना, हे पाहावे. ती परतीची नळी गरम पेट्रोल आणि वाफ सतत टाकीकडे नेण्यासाठीच असते. कार्ब्युरेटर साफ करताना ती निरुपयोगी समजून बंद केली जाते आणि मग उन्हाळ्यात असा त्रास सुरू होतो. एवढे करूनही पंप लावावाच लागला, तर तो कार्ब्युरेटरसाठीचा, साधारण ०.२ ते ०.३ बार दाबाचाच असावा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे ३ बार दाब देतो. तो कार्ब्युरेटरच्या सुईझडपेला दाद देत नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडून आग लागू शकते. अपघात झाल्यास किंवा इंजिन थांबल्यास पंपाची वीज आपोआप तुटेल अशी जोडणीही सोबत हवी.

प्रश्न : माझी जुनी गाडी सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते. टाकीतला पेट्रोलचा पंप तीनदा जळाला. प्रत्येक वेळी नवा पंप घालतो, काही महिने जातात आणि पुन्हा तेच. पंपच निकृष्ट येतात का? (एक वाचक, कराड)

उत्तर : निकृष्ट पंप बाजारात आहेत, हे खरे, तरीही तीन पंप एकाच प्रकारे जळाले असतील तर जळण्याचे कारण गाडीतच शोधावे लागेल. टाकीतला पंप भोवतालच्या आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलने थंड राहतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीत लोक पेट्रोल जेमतेम लिटर-दोन लिटर ठेवतात, आणि अनेक जोडण्यांत गाडी गॅसवर असतानाही पंप चालूच असतो. तो तासन्‌तास जवळजवळ उघडा पडून, तेच तापलेले पेट्रोल फिरवत राहतो. गॅसवर गेल्यावर पंपाची वीज तुटते का ते कानाने ऐकून किंवा मीटर लावून तपासावे. तुटत नसेल तर त्यासाठी रिले (वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, आणि टाकी निदान पाव भरलेली ठेवावी.

दुसरी तपासणी विजेची. गाडी पेट्रोलवर चालू असताना बॅटरीच्या टोकांवरचा दाब आणि पंपाच्या प्लगवरचा दाब मीटरने मोजावा. दोहोंत एक व्होल्टच्या आसपास किंवा अधिक फरक आला तर वायर, रिले किंवा अर्थिंगचा सांधा गंजला आहे आणि प्लगही तापून वितळत असेल. जळालेल्या पंपाचा प्लग काळा पडला होता का, हे आठवून पाहावे. पंपाखालची जाळी प्रत्येक वेळी नवी घातली होती की जुनीच बसवली होती, हेही विचारावे, कारण चोक झालेल्या जाळीतून ओढणारा पंप कितीही चांगल्या प्रतीचा असला तरी टिकत नाही.